दोन ठोके

ढोलावर लागोपाठ दोन ठोके पडले की सगळ्यांनी थांबायचं. बासरीवाल्यांनी ओठ बाजूला घ्यायचे, साइड ड्रमच्या काड्या हवेतच राहायच्या, झांजा छातीशी मिटायच्या. मागं एकही आवाज रेंगाळता कामा नये. आण्णा म्हणायचे, "सुरुवात काय, कुणीबी करतंय. बँड कसा थांबतोय ते बघावं."

आण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेतल्या एका शाळेत त्यांनी १९५९ पासून ३१ वर्षं बँड शिकवला. कागदोपत्री ते कवायतीचे शिक्षक. बँड हा विषय वेळापत्रकात कुठं नव्हताच. तो शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर व्हायचा. तरी गावात त्यांना कवायतीचे सर कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. लक्ष्मी मार्केटात भाजी घेताना, स्टेशनवर, दवाखान्यात, सगळीकडं ते 'बँडसर'. आम्ही भावंडं बँडसरांची पोरं.

शाळेचा बँड म्हणजे वाद्यं किती असणार? सहा साइड ड्रम, एक मोठा ढोल, दोन जोड्या झांजा, आठ-दहा बासऱ्या, चार बिगूल आणि एक ट्रँगल. ट्रँगल सगळ्यात लहान मुलाकडं. पुढं दंड घेऊन चालणारा एक उंच मुलगा. ही सगळी सामग्री मेरठहून आलेली. देशभरातल्या बँडवाल्यांची पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात, हे मला भूगोलात मेरठ यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, कारण पार्सल आलं की खोक्यातलं भुसकट झाडायचं काम माझं असे.

जूनमध्ये नवीन मुलं आली की पहिले पंधरा दिवस कुणाच्याही हातात वाद्य पडत नसे. मैदानावर फक्कीनं रेघा मारलेल्या असायच्या आणि त्या रेघांवरून मुलांनी नुसतं चालायचं. आण्णांच्या हातात एक दोरा असायचा आणि त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. तो नट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की एक पाऊल, परत आला की दुसरं. पुढं मी भौतिकशास्त्र शिकले, शिकवू लागले, तेव्हा एका तासाला फळ्यावर लंबकाचं गणित मांडता मांडता माझा हात थांबला. दोऱ्याची लांबी साधारण २५ सेंटीमीटर ठेवली तर लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला अर्ध्या सेकंदात जातो. म्हणजे मिनिटाला १२० पावलं. संचलनाची नेमकी चाल. आण्णा मॅट्रिकसुद्धा दुसऱ्या खेपेला झालेले. हा दोरा त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला होता, आणि गुरूंना कुणी दिला असेल ते आता कुणाला विचारणार!

ते गुरू म्हणजे रेल्वे कॉलनीत राहणारे एक गोवेकर गृहस्थ. मिरज जंक्शनवरून लोंढ्यामार्गे वास्कोपर्यंत मीटरगेज जायची, त्यामुळं रेल्वेत गोव्याकडची माणसं बरीच. हे काका लहानपणी आपल्या गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर बघून गायला, शिकलेले. गोव्यातल्या त्या पॅरिश शाळांचं ऋण आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रार्थनासंगीतासाठी मुलांना तिथं सूर वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. आणि मग तीच मुलं मोठी होऊन लष्कराच्या, पोलिसांच्या, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि पुढं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले. आमच्या काकांचं नाव कुठंच छापून आलं नाही. ते मालगाड्यांचा हिशेब ठेवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आण्णांना पाच रेघांवरचे ठिपके वाचायला शिकवायचे. वाद्याला हात लावायच्या आधी वर्षभर नुसतं गळ्यानं आणि हाताच्या मापानं. आण्णांची पंधरा दिवस चालण्याची शिस्त तिथून आली असणार.

आणि वाद्य आलं होतं आबांकडून. आबा, म्हणजे माझे आजोबा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर झालर. लगीनसराई संपली की तो कोट ट्रंकेत आणि आबा बाजारात हमालीला. आण्णा सात-आठ वर्षांचे असल्यापासून त्यांच्याबरोबर झांजा घेऊन जायचे. एका लग्नाची गोष्ट आण्णांनी आयुष्यात एकदाच सांगितली, तीही आईला. मी पलीकडं झोपेचं सोंग घेऊन ऐकली. वरात दारात पोहोचवून बँड बाहेर थांबला. आत पंगतींवर पंगती उठल्या. शेवटी बँडवाल्यांना बोलावलं ते मांडवाच्या मागं, जिथं उष्टी पानं टाकली होती त्या कडेला. आबा जेवले. म्हणाले, अन्न आहे बाबा. आण्णांनी मात्र पान पुढं सारलं आणि उपाशी घरी आले.

शाळेत लागल्यावर आण्णांनी बँडच्या मुलांसाठी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट ठरवले. झालर नाही, चकचकीत बटणं नाहीत. गावातली बडी मंडळी शाळेचा बँड लग्नाला मागायची, देणगी देतो म्हणायची. आण्णांनी एकदाही होकार दिला नाही. गणपतीत मात्र जायचे, आनंदानं. मिरजेच्या विसर्जनाच्या मिरवणुकीची स्वागतकमानींसाठी केवढी ख्याती. त्या कमानींखालून आमचा बँड गणेश तलावाकडं जायचा. तिथं कुणाच्या पंगतीचा प्रश्न नव्हता. गणपती सगळ्यांचा, असं आण्णांचं म्हणणं.

आता बिगुलाबद्दल सांगते, कारण ते वाद्य मला फार जवळचं वाटतं. बिगुलाला भोकं नसतात, कळा नसतात. ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर जे निघतील तेच त्याचे सूर: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. मोजून पाच, आणि वेगळे स्वर म्हणावेत तर तीनच. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो सकाळी झेंडा चढवतो आणि संध्याकाळी उतरवतो. आण्णा बिगूल निवडून द्यायचे ते बोलताना अडखळणाऱ्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या, कुणात न मिसळणाऱ्या मुलांना. एक मुलगा इतका तोतरा होता की हजेरी देतानाही वर्ग हसायचा. त्याला आण्णांनी चौथीत बिगूल दिला. सातवीपर्यंत तो सगळ्या शाळेला सावधान करणारा मुलगा झाला होता. पुढं तो पोलिसांच्या बँडमध्ये लागला. बोलताना तो शेवटपर्यंत अडखळतच राहिला, हे सांगायला हवं. संगीतानं ते काही बरं केलं नाही. पण हसणं थांबलं.

साइड ड्रमचा पहिला धडा 'डॅडी-मम्मी'. दोन ठोके उजव्या हाताचे, दोन डाव्या हाताचे. आधी सावकाश, मग वेग वाढवत न्यायचा, इतका की ठोके सुटे ऐकू न येता त्यांची सलग घरघर व्हावी. बँडवाल्यांच्या जगात हा शब्द सगळीकडं चालतो. आमच्या शाळेतल्या पोरांनी त्याचं 'आई-आई, आण्णा-आण्णा' करून टाकलं होतं. सकाळी साडेसहाला मैदानावरून तीस पोरांच्या तोंडून ते ऐकू यायचं आणि आई चुलीपुढं बसून हसायची.

आईचं गाणं वेगळंच. ती भजनी मंडळात टाळ धरायची. गळा मोठा नव्हता, पण लय अशी की पखवाजवाला तिच्याकडं बघून सावरायचा. घरात संगीत कुणाचं हा वाद कधी झाला नाही, कारण आईनं कधी हक्क सांगितला नाही. आज मला वाटतं, तो तिनं सांगायला हवा होता.

पावसाळा हा चामड्याचा वैरी. तेव्हा ढोलाला खरं कातडं असायचं, प्लॅस्टिकचे पडदे नंतर आले. ऑगस्टच्या ओल्या हवेत कातडं सैल पडतं आणि ढोल 'भद्' असा वाजतो, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. १४ ऑगस्टच्या रात्री सगळे ड्रम आमच्या स्वयंपाकघरात यायचे. चुलीची ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतक्या अंतरावर ते मांडून ठेवायचे आणि तासातासानं फिरवायचे. दोऱ्या ताणायच्या, त्यांवरच्या चामडी पट्ट्या खाली सरकवायच्या, बोटानं वाजवून बघायचं, परत ताणायच्या. हे काम माझ्याकडं होतं. बिगुलांना ब्रासो लावून घासायचं कामही माझंच. दादाला क्लॅरिनेट होतं. मला वाद्यांची देखभाल होती. मुलीनं शाळेच्या बँडमध्ये असावं हे आण्णांच्या मनातही आलं नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, बरीच वर्षं माझ्याही नाही.

आमच्या घराच्या मागच्या बाजूनं पाच मिनिटं चाललं की सतारमेकर गल्ली. ढोलाचं लाकडी कडं उकललं की आण्णा ते तिथल्या एका कारागिराकडं न्यायचे आणि मी पाठीमागून जायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे कडू भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले, तळाशी लाकडाचा भुसा, आणि एखादा म्हातारा कानाशी तंबोरा धरून जवारी काढतोय, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासतोय. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या काहींनी सतारी दुरुस्त करायला घेतल्या आणि मग स्वतः घडवायला लागले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. हत्यारं घासणाऱ्या हातांनी तंबोऱ्यात सूर भरले, ही गोष्ट मिरजेच्या पोराला बाळगुटीबरोबर मिळते. दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं, तेव्हा आण्णा आम्हा दोघांना न्यायचे. पुढं भारतात कुठंही गेले आणि मिरज म्हटलं की लोक तंबोरा म्हणायचे. मला मात्र मिरज म्हटलं की ओल्या कातड्याचा वास येतो.

दादाबद्दल लिहायला मी इतका वेळ टाळत होते.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आबांचं क्लॅरिनेट त्याच्याकडं आलं ते तो सहा वर्षांचा असताना. बोटं भोकांवर धड पोहोचतही नव्हती. पहाटे चार ते सहा आणि रात्री दोन तास, असे रोज चार तास. सूर चुकला की आण्णांच्या हातातली ड्रमची काडी त्याच्या बोटांवर. थंडीत ते ठोके कसे लागत असतील याची कल्पना करूनही अंगावर काटा येतो. शाळेतल्या एकाही मुलावर आण्णांनी कधी हात उचलला नाही. तोतऱ्या मुलाला एकच सूर महिनाभर काढू देणारा हा माणूस घरी स्वतःच्या मुलाला एक चूक माफ करत नसे. आई मध्ये पडली की म्हणायचे, "ती पोरं छंदाला येतात. ह्याला हेच करायचंय." ह्याला काय करायचंय, हे ह्याला कुणी विचारलं नव्हतं.

दादा वाजवायचा मात्र सुंदर. 'जन गण मन' बासऱ्यांवर निघायचं आणि त्यांच्यावरून दादाचं क्लॅरिनेट चालायचं. आण्णा एचएमटीच्या घड्याळावर ५२ सेकंद मोजायचे; पुढं-मागं झालं की पुन्हा. 'भारत भाग्यविधाता'वर दादाचा सूर असा उचलला जायचा की झेंड्याकडं बघणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. १९८० मध्ये दहावीचा निकाल लागला. दादानं पुण्याला डिप्लोमाला प्रवेश घेतला, एसटीत बसला, आणि क्लॅरिनेट खाटेखाली पेटीत ठेवून गेला. आण्णा म्हणाले, विसरला. आईला आणि मला माहीत होतं, तो विसरला नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ढोल वाजवणारा मुलगा नववीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला, आणि तेही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ढोल हे बँडातलं सगळ्यात सोपं वाद्य आहे असं बघणाऱ्यांना वाटतं. डावं पाऊल पडलं की ठोका, एवढंच. पण सगळा बँड त्या ठोक्यावर चालतो आणि त्यानं हातभर जरी घाई केली तरी तीस पोरं धावायला लागतात. आण्णांनी चार मुलं बघितली. मिरवणुकीच्या उत्साहात चौघंही पळत होती. रात्री आण्णा न जेवता बसून राहिले, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हिला द्या की."

"ढोल? पट्टा पेलंल व्हय तिला?"

"पेलंल. पाणी आणतीया न्हवं दोन कळशा. आन् आंधारात कोण आलं ते नुसत्या पावलावरनं वळखती ती."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, असं मला तेव्हा वाटलं. मग चुलीजवळ ऊब घेत असलेला ढोल माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, "वाजवू नकोस. मी चालतो. मी कुठं थांबणार तेवढं सांग." ते आमच्या अंगणातून चालू लागले. मी डोळे मिटून पावलं ऐकत राहिले. थांबायच्या आधी माणसाचं पाऊल जड होतं, टाच जरा आधी टेकते. ते थांबायच्या क्षणी मी ढोलावर दोन ठोके दिले. आण्णा अंगणात तसेच उभे राहिले. काही बोलले नाहीत. आत येऊन जेवले.

चार वर्षं मी तो ढोल वाजवला. दादानं तो कधीच ऐकला नाही. सुट्टीत घरी यायचा तो नेमका दिवाळीत, उन्हाळ्यात. झेंड्याच्या दिवशी कधी नाही.

मध्य प्रदेशातल्या मैहरची गोष्ट आण्णांनी आम्हा बँडच्या पोरांना कितीदा सांगितली असेल! त्यांनी एका रात्री रेडिओवर मैहर बँड ऐकला होता आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी बँडमास्तर म्हणजे एकच, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. आता जग त्यांना ओळखतं ते त्यांच्या घरामुळं: मुलगा अली अकबर खाँ, मुलगी अन्नपूर्णादेवी, शिष्य आणि काही काळ जावई असलेले रविशंकर. एकेक नाव म्हणजे एकेक पर्वत. पण १९१८ च्या सुमारास मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांच्या पदरी आल्यावर खाँसाहेबांनी केलेलं मोठं काम म्हणजे, साथीच्या रोगात आईबाप गेलेली गावातली पोरं गोळा करून त्यांचा बँड उभा केला. ना घराणं, ना वारसा. त्यांना त्यांनी व्हायोलिन, सतार, सरोद, इसराज, तबला, हार्मोनियम असं जे जे जमेल ते शिकवलं आणि रागदारीच्या बंदिशी एकत्र वाजवायला लावल्या. वाद्यं कमी पडली तेव्हा संस्थानच्या शस्त्रागारातल्या बंदुकांच्या नळ्या मागून घेतल्या, वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या, सुरात लावल्या आणि काड्यांनी वाजवायचा नलतरंग तयार केला.

इथं आले की आण्णा थांबायचे आणि सतारमेकर गल्लीच्या दिशेनं हात करायचे. पोरांना कळायचं.

आणखी एक धागा त्यांना फार आवडायचा. तरुणपणी कोलकात्यात खाँसाहेब पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडं. "बघा, त्यांचाबी गुरू गोव्याचाच," असं म्हणताना आण्णांचा चेहरा उजळायचा. रेल्वे कॉलनीतल्या ओट्यावरच्या आपल्या गुरूंना त्यांनी त्या एका वाक्यात कुठल्या कुठं नेऊन बसवलं होतं.

जे आण्णा सांगत नव्हते ते मी मोठेपणी वाचलं. अली अकबरांना वडिलांनी दिवसाला अठरा अठरा तास रियाझाला बसवलं होतं, मारलं होतं. थोरल्या मुलीच्या सासरी गाण्यावरून छळ झाला म्हणून धाकटीला, अन्नपूर्णेला, गाणं शिकवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ती ऐकून ऐकून शिकली, आणि भाऊ चुकत असताना त्याला दुरुस्त करताना वडिलांनी तिला पकडलं. मग तिच्या हातात तंबोरा दिला, पुढं सुरबहार, सतारीसारखंच पण मोठं वाद्य. ही गोष्ट लोक गुरूच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मला ती वाचताना त्या मुलीनं दाराआडून ऐकलेली वर्षं दिसतात. आणि अठरा तासांच्या कौतुकात मी सामील होऊ शकत नाही. बोटांवर काडीचे वळ असलेला मुलगा मी बघितला आहे. त्या पद्धतीनं एक अली अकबर झाला असेल. खाटेखाली पेटी सरकवून निघून गेलेले किती, ते कुणी मोजलेलं नाही.

आण्णा १९९० मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षं माजी विद्यार्थ्यांनी बँड ओढला, मग तो थांबला. आता झेंड्याला ध्वनिवर्धकावर रेकॉर्ड लागते; ती ५२ सेकंदांत बरोबर संपते. आण्णा २००९ मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांना मैहरला जायचं होतं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. आधी पैसे, मग आईचं दुखणं, मग त्यांचे गुडघे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत अन्नपूर्णादेवी गेल्या. कित्येक दशकं त्यांनी जाहीर मैफलीत वाजवलं नव्हतं. घरीच राहून हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर अशा शिष्यांना शिकवत होत्या. बातमी आली त्या रात्री दादाचा पुण्याहून फोन आला. आमचं बोलणं सणावारी आणि आजारपणापुरतं. तो म्हणाला, "मैहरला जाऊया का?"

हिवाळ्यात गेलो. सतना आणि कटनीच्या मधलं छोटं गाव, मुंबई-अलाहाबाद मार्गावर. चुन्याच्या दगडाचा प्रदेश, सिमेंटची धूळ, आणि त्यातून उठलेला त्रिकूट डोंगर, वर शारदामातेचं देऊळ. खाँसाहेब त्या देवीचे निस्सीम भक्त. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस शारदेपुढं बसून वाजवायचा आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. मिरजेच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

नलतरंग बघितला. काळ्या नळ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेल्या. बंदुकीची नळी म्हटल्यावर मनात जे येतं त्यातलं काही त्यात उरलेलं नाही. वाजवल्यावर घंटेपेक्षा कोरडा आणि जलतरंगापेक्षा टणक आवाज. दादा त्यापुढं बराच वेळ उभा होता. मग खाँसाहेबांच्या घरी गेलो, मदिना भवनात. तिथंच त्यांची आणि त्यांच्या पत्नीची कबर आहे. बाहेर पडताना दादा म्हणाला, "अठरा तास. माझे चारच होते." मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पेटी आहे का अजून?"

"आहे. रीड बदलावी लागेल. बाकी मी दर दिवाळीला तेल-पाणी करते."

त्यानं मान हलवली. वाजवीन म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी देवळात गेलो. वर जायला दोरीचा पाळणा आहे, पण हजाराहून जास्त पायऱ्या आहेत त्या उतरायच्या असं दादानं ठरवलं. त्याला पंचावन्न, मला बावन्न. दिवे लागत होते. शेवटच्या शंभरेक पायऱ्या उरल्या असताना तो थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ढोल दे."

"कसला ढोल?"

"तुझा. मी ऐकलाच नाही कधी."

माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, अर्धी रिकामी. बोटातल्या अंगठीनं मी तिच्यावर ठोका दिला. डावा पाय. उजवा मोकळा. पुन्हा डावा. दादाचं पाऊल लगेच मिळालं, जणू मधली चाळीस वर्षं तो फक्कीच्या रेघेवरून बाजूला झालाच नव्हता. मिनिटाला १२० कुठली, साठसुद्धा नसतील. पण एक पायरी, एक ठोका, दोघांचे पाय बरोबर. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. वरून उतरणारे लोक आम्हाला वाट देत बाजूनं जात होते.

खालून चौथ्या पायरीवर त्याची टाच जरा आधी टेकली. मी लागोपाठ दोन ठोके दिले. त्याचा उजवा पाय डाव्याशेजारी येऊन लागला, आणि माझाही. खाली प्रसादाच्या दुकानांचा गलका चालूच होता.